लहरींचीही पाळी लावा



सामाईक विहिरीवर सर्वांनी एकाच वेळी पंप लावले, तर कोणाचीच वाडी धड भिजत नाही. म्हणून आपण पाळी लावतो. बिनतारी लहरींचेही तसेच आहे. वाडीला वाडी लागून असली आणि दोघांचे वायफाय एकाच चॅनेलवर असले, तर एकाचे यंत्र बोलत असेपर्यंत दुसऱ्याचे थांबून राहते. ओलावामापकाचा निरोप उशिरा पोचतो आणि पंप उगाच चालू राहतो.

उपाय बिनखर्ची आहे. २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात राऊटरची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवल्यास १, ६ आणि ११ ही चॅनेल एकमेकांत मिसळत नाहीत. तीन शेजाऱ्यांनी ती वाटून घ्यावीत. चौथ्याने सर्वांत लांबच्या शेजाऱ्याचे चॅनेल घ्यावे.

दूरच्या मापकांसाठी लोरा यंत्रणा ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा वापरते. ठरवून दिलेल्या शक्तीच्या मर्यादेत त्याला परवाना लागत नाही. पण तोही सामाईकच. जमिनीतील ओल मिनिटागणिक बदलत नाही, तेव्हा अर्ध्या तासाने एक निरोप पुरे. निरोप चुकला तरी पंप ठरावीक वेळी बंद व्हावा, म्हणून टायमर बसवाच.

लहरी दिसत नाहीत, म्हणून त्या अमाप आहेत असे समजू नका. बांधावर बसून आजच वाटणी ठरवा.