'लागणे' आणि 'लावणे'



आमचे शिक्षण शाळेपेक्षा अर्जविनंत्यांच्या कागदांवरच अधिक झाले. तेव्हा व्याकरणावर बोलण्याचा अधिकार आम्ही सांगत नाही. परंतु कामगारांच्या कागदांत एखादे क्रियापद काय करून ठेवते, हे आम्ही पाहिले आहे.

माणूस वा वस्तू नेमकी कोठे आहे हे काढण्यास मराठीत शब्दांचा तोटा नाही. 'शोधणे' यात खटपट आहे, फळाची हमी नाही. दिवसभर शोधले तरी हात रिकामेच राहू शकतात. 'हुडकणे' हा शब्द शहरवासीयांना गावंढळ वाटतो, पण 'हुडकून काढले' यातली जिद्द 'शोधून काढले' यात आम्हांला तरी आढळत नाही. 'हेरणे' म्हणजे समोरच्याला कळू न देता नजरेत धरणे. 'थांग' आणि 'ठाव' हे पाण्याचे शब्द. तळाला पाय टेकला की ठाव लागला. 'माग काढणे' पावलांचे. जुन्या गावगाड्यात चोराची पावले गावच्या राखणदाराने शेजारच्या शिवेपर्यंत नेऊन दाखवावयाची. मग जबाबदारी त्या गावावर जाई. माग कोणी काढावयाचा, हे तेथे ठरलेले होते.

पत्ता, छडा, ठावठिकाणा या शब्दांना मात्र दोन क्रियापदे जोडतात : लागणे आणि लावणे. फरक एका अक्षराचा. 'पत्ता लागला नाही' म्हटले की दोष जणू पत्त्याचाच! 'पत्ता लावला नाही' म्हटले की, कोणी, हा प्रश्न उभा राहतो.

एका कारखान्याने मयत कामगाराच्या देण्याबद्दल आम्हांला लिहिले : वारसांचा ठावठिकाणा लागत नाही. वारस, म्हणजे त्याची विधवा, फाटकापासून दोन कोसांवर खुरपणीला जात होती. पत्र पाठविले का, माणूस धाडला का, कागदावर काहीच नाही. आम्ही उत्तर दिले, "ठावठिकाणा लावला असल्यास तो कोणी व कोणत्या तारखेस, ते कळवावे." एवढे लिहूनही पैसे हाती पडण्यास सात महिने गेले.

'स्थाननिश्चिती करण्यात आलेली नाही' हे सरकारी वाक्यही त्याच जातीचे; करणारा त्यातून पसार झालेला. आमच्या खरेदीखतातली चतुःसीमा पाहा : पूर्वेस अमक्याचे शेत, पश्चिमेस ओढा. कोणासही समजते. 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यानेसुद्धा अपघाताच्या नोटिशीत इजेचे कारण साध्या भाषेतच मागितले होते.

हल्ली फोनवर 'लोकेशन' येते. सोय मोठी आहे. ठिपका नकाशावर दिसतो. गाडी कोणत्या बांधाने फडात न्यावयाची, हे मात्र तेथल्या माणसालाच विचारावे लागते.

आणि अर्जातला तो 'कायमचा पत्ता'! बीड-पाथर्डीकडून येणारा तोडणी कामगार गळिताचा हंगाम कोपीत काढतो. पत्र गावी जाते आणि कुलपापाशी थांबते. म्हणून अशा अर्जात आम्ही गावाच्या नावाखाली मुकादमाचे नाव, कारखाना आणि चालू फड कोणत्या शिवारात आहे, तेही लिहितो. रकान्यात जागा पुरत नाही. मग कागदाच्या पाठीवर लिहितो.