लेकीची ऑनलाइन पदवी आणि गटाचं कर्ज

जूनच्या बैठकीत आमच्या गटातल्या एका ताईने कर्जाचा अर्ज ठेवला. रक्कम ४० हजार. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘मुलीचं शिक्षण, कॉम्प्युटर फॉरेन्सिक’. शेळी, शिलाई मशीन, दवाखाना ही कारणं आम्हाला पाठ आहेत. हे नवीनच. मग आम्ही पोरीलाच बोलावलं. म्हटलं, बाळा, आधी हे काय असतं ते आम्हाला समजेल असं सांग.

ती म्हणाली, खून झाला की पोलीस जागेचा पंचनामा करतात ना, तसाच मोबाइलचा आणि कॉम्प्युटरचा करायचा. पुसलेले मेसेज, फोटो, पैसे कुठून कुठे गेले ते शोधायचं. पण मूळ मोबाइलमधलं काही बदलू द्यायचं नाही. त्याची हुबेहूब प्रत काढायची आणि तपास प्रतीवर करायचा. त्या प्रतीचा एक लांबलचक आकडा निघतो, त्याला हॅश म्हणतात. आतलं एक अक्षर जरी बदललं तरी आकडा बदलतो. आमच्यातली एक म्हणाली, म्हणजे पोत्यावरचं लाखेचं सील! अगदी तसंच.

१ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू झाले. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे असा पुरावा कोर्टात देताना प्रमाणपत्र लागतं, त्यावर तज्ज्ञाचीही सही लागते आणि हॅशही लिहावा लागतो. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकच्या माणसाने जागेवर जायचं, असंही नव्या संहितेत आहे. त्याची तयारी करायला राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. म्हणजे या कामाला माणसं लागणार.

गटातल्या एका आजींनी विचारलं, “घाणेरडे फोटोही बघावे लागतील का गं?” मुलगी म्हणाली, हो, लागतील. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग आमच्यातलीच एक बोलली. तिच्या भाचीला कुणी खोटे फोटो बनवून धमकावत होतं. ती तक्रार द्यायला गेली तेव्हा तिचा मोबाइल चार पुरुषांच्या हातांतून फिरला. “तिथे एक बाई असती, तर पोर दुसऱ्यांदा गेली असती,” एवढंच ती म्हणाली. पैसे द्यायचे हे खरं तर तिथेच ठरलं. कुठे भरायचे, एवढंच राहिलं.

आणि तिथेच आम्ही फसता फसता वाचलो. मुलीला रोज एका माणसाचा फोन येत होता. घरबसल्या पदवी, नोकरीची हमी, आज १५ हजार भरले नाहीत तर सीट जाईल. ऑनलाइन वर्गाला कसली आलीय सीट, असं आमच्या कोषाध्यक्षा म्हणाल्या. त्या पतपेढीत काम करून आल्यात, लगेच घाबरत नाहीत.

आम्ही यूजीसी, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या, डीईबीच्या, संकेतस्थळावर यादी उघडली. तिथे नुसतं विद्यापीठाचं नाव पाहून भागत नाही, हे आम्हाला उशिरा कळलं. मान्यता त्या त्या अभ्यासक्रमाची आणि त्या सत्राची असते. त्या विद्यापीठाचं नाव होतं, ऑनलाइन बीसीएसुद्धा होतं. पण हा माणूस विकत होता ते फॉरेन्सिक कुठेच नव्हतं. खोदून विचारल्यावर कळलं, ते एका खाजगी क्लासचं सर्टिफिकेट होतं, पदवी नव्हेच.

दुसरी खूण अशी. २०२४ पासून मान्य ऑनलाइन पदवीला प्रवेश घेताना विद्यार्थ्याला स्वतःचा डीईबी क्रमांक काढावा लागतो. त्याने तो मागितलाच नाही. कुणी ऑनलाइन बी.टेक. देतो म्हणालं, तरी फोन ठेवा. इंजिनिअरिंगची पदवी अशी मिळत नाही.

मग करायचं काय? मुलीने आणि आम्ही मिळून असं ठरवलं. आधी यादीतली ऑनलाइन बीसीए, कारण कॉम्प्युटरचा पाया पक्का नसेल तर पुढचं काही उमजत नाही. फॉरेन्सिक मात्र हाताने करायचं काम आहे, ते प्रयोगशाळेतच शिकायला हवं. त्यासाठी मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. गांधीनगरचं राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठ २०२० च्या संसदेच्या कायद्याने झालेलं आहे, त्याची शाखा गोव्यातही आहे. सरकारी प्रयोगशाळेच्या जाहिराती काढून कोणती पदवी मागतात ते आधीच वाचा, असंही आम्ही तिला सांगितलंय. तीन वर्षांनी वाचून काय उपयोग?

मधल्या काळात ‘स्वयम’वर फुकट शिकता येतं, पैसे फक्त सर्टिफिकेटच्या परीक्षेचे. ‘ऑटोप्सी’ नावाचं तपासाचं सॉफ्टवेअरही फुकट आहे. पण हे सॉफ्टवेअर मोबाइलवर चालत नाही. लॅपटॉप लागतो, आठ जीबी मेमरीचा तरी, सोळा असेल तर बरं. हा खर्च फोनवरच्या माणसाने सांगितलाच नव्हता. परीक्षा फी आणि पुढच्या सगळ्या सत्रांची फीही एकदम विचारून घ्या; पहिल्या हप्त्याचा आकडा नेहमी गोड असतो. आणि मुलींच्या फीमाफीवर विसंबू नका. ती केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून घेतलेल्या व्यावसायिक प्रवेशांसाठी आहे, खाजगी विद्यापीठांना आणि खाजगी अभिमत विद्यापीठांना लागू नाही.

आम्ही ४० हजार एकदम दिले नाहीत. आधी जुन्या लॅपटॉपचे आणि पहिल्या सत्राच्या फीचे दिले. फी मुलीने स्वतः विद्यापीठाच्या खात्यात भरली आणि पावती गटाच्या फाइलला लावली. पुढचे पैसे निकाल दाखवल्यावर. ताईला हे थोडं लागलं, पण शिलाई मशीनलाही आमचा हाच नियम आहे.

डिसेंबरात पहिली परीक्षा आहे. कॅमेऱ्यासमोर बसून द्यायची, मध्ये लाइट गेली तर पंचाईत. ग्रामपंचायतीत इन्व्हर्टर आहे. तो त्या दिवसांपुरता मिळावा म्हणून आमच्यातल्या दोघी सोमवारी सरपंचबाईंकडे जाणार आहेत.