रंधा आणि पटाशी

सुताराच्या पेटीत रंधा असतो आणि पटाशीही असते. सबंध फळी पटाशीने तासत बसणाऱ्याला आपण शहाणा म्हणणार नाही. पण सांध्याची खाच पाडायची, तर तिथे रंधाही कामाचा नाही. संगणकाला आज्ञा लिहून देणाऱ्यापुढे हाच प्रश्न रोज उभा असतो. यंत्राच्या कलाने एकेक बारीक पायरी सांगायची, की माणसाला सहज वाचता येईल अशा वरच्या पातळीच्या भाषेत लिहून भाषांतराचे काम यंत्रावरच सोपवायचे?

अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेचे उदाहरण पाहा. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये ‘युनिक्स’ ही कार्यप्रणाली लिहायला घेतली, ती असेंब्ली भाषेत, म्हणजे यंत्राच्या अगदी जवळच्या भाषेत. पुढे १९७३ मध्ये तिचा गाभा त्यांनी ‘सी’ या वरच्या पातळीच्या भाषेत नव्याने लिहिला. हे फुकट झाले नाही. नवी प्रणाली जुनीपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने मोठी झाली, आणि त्या काळी संगणकाच्या स्मृतीतली जागा फार महाग! मग मिळाले काय? प्रणाली समजायला आणि सुधारायला सोपी झाली, तिच्यात नव्या सोयी आल्या. पुढे तर ती वेगळ्या बनावटीच्या यंत्रांवरही नेता आली.

आता तुम्ही म्हणाल, मग खालची भाषा टाकूनच द्यावी की! जरा थांबा. १९७८ मध्ये थॉम्प्सन यांनी गाभ्याचा हिशेब मांडला. सीच्या ओळी सुमारे १०,०००, असेंब्लीच्या सुमारे १,०००. त्यांतल्या ८०० ओळी यंत्राच्या अशा कामांसाठी होत्या, की जी सीमधून सांगताच येत नव्हती. केवळ कार्यक्षमतेसाठी खाली उतरून लिहिलेल्या ओळी उरल्या अवघ्या २००.

हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. गंमत अशी, की तेव्हाची ही वरची भाषा आज पायथॉन वापरणाऱ्याला खालची वाटते. भाषा बदलतात, पण हिशेब तोच राहतो. काम संथ चालले, की आपला हात लगेच पटाशीकडे जातो. त्याआधी वेळ नेमका कुठे खर्च होतो, ते मोजून पाहावे. पुष्कळदा तो थोड्याच ओळींत जात असतो. तेवढ्याच ओळी खाली उतरून कोराव्यात. बाकीचे लिखाण वाचता येईल असेच ठेवावे. कारण उद्या त्यातली चूक कुणाला तरी शोधायची आहे, आणि तो माणूस बहुधा तुम्हीच असाल.