लहान जिल्हा, लहान शाळा

सह्याद्री आणि समुद्र यांच्या मध्ये, गोव्याच्या सीमेला लागून वसलेला सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी जुन्या रत्नागिरी जिल्ह्यापासून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेप्रमाणे तो महाराष्ट्रातील सर्वांत कमी लोकवस्तीचा जिल्हा होय. त्या वर्षी तेथे ८,४९,६५१ माणसे होती. दहा वर्षांपूर्वी हाच आकडा ८,६८,८२५ होता. दर हजार पुरुषांमागे स्त्रिया १,०३६. कर्ता पुरुष मुंबईस चाकरीला आणि घरची शेती बाईमाणसांच्या अंगावर, ही कोकणची जुनी रीत या आकड्यात स्पष्ट दिसते. पूर्वी चाकरमानी एकटा जाई, मुले गावीच शिकत. आता तो बिऱ्हाड घेऊन जातो आणि मुलांची नावे गावच्या शाळेच्या पटावरून उतरतात. शिवाय घरोघरी मुलांची संख्याही पूर्वीपेक्षा कमी झाली आहे.

या उतरत्या पटातूनच आजचा प्रश्न उभा राहिला आहे. वीसाहून कमी मुलांच्या शाळांचे काय करावे, याचा विचार राज्य शासनाने अलीकडे वारंवार केला. अशा शाळा एकत्र करून 'समूह शाळा' स्थापण्याचे प्रस्ताव २०२३ साली मागविण्यात आले आणि त्यासाठी पानशेत व तोरणमाळ येथील शाळांची उदाहरणे पुढे ठेवण्यात आली.

या विचारामागे काही तथ्य नाही, असे म्हणता येणार नाही. पहिलीत दोन, दुसरीत एक, तिसरीत तीन आणि चौथीत एकही नाही, अशा शाळेत शिक्षकाला एकाच खोलीत सारे वर्ग सांभाळावे लागतात. तो बैठकीस वा प्रशिक्षणास गेला, की शिकवणे थांबलेच. खेळाला सवंगडी नाहीत, वाचनाला बरोबरीचा जोडीदार नाही. मोठ्या शाळेत ग्रंथालय, मैदान, निरनिराळ्या विषयांचे शिक्षक हे सारे मिळू शकते. मुलाच्या हिताच्या दृष्टीने याचे मोल थोडे नाही.

परंतु सिंधुदुर्गातील गाव म्हणजे एका ठिकाणी दाटीने वसलेली घरे नव्हेत. गाव वाड्यावाड्यांत विखुरलेले असते. एका वाडीतून दुसरीत जाताना मध्ये डोंगराची सोंड येते, भाताचे मळे येतात, एखादा व्हाळ आडवा येतो. जिल्ह्यात एका चौरस किलोमीटरात सरासरी १६३ माणसे राहतात. साऱ्या राज्याची सरासरी ३६५ आहे. जेथे वस्तीच विरळ, तेथे शाळा भरलेली असावी ही अपेक्षा मूळातच चुकीची ठरते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याखाली राज्याने केलेल्या नियमांत प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत असावी, असे धरले आहे. नकाशावरचा किलोमीटर आणि आषाढातला किलोमीटर मात्र एक नव्हे. साकवावरून पाणी वाहू लागले, की सहा वर्षांच्या मुलाला पलीकडची शाळा पारखी होते.

वाहनाची सोय करू, असे यावर सांगितले जाते. ती सोय वाडीपर्यंत पोचणार की डांबरी रस्त्यापर्यंतच, गाडी बिघडली तर त्या दिवशी काय, याचे उत्तर आधी मिळाले पाहिजे. ज्या घरी ऐपत आहे, ते मूल कसेही करून शिकेल. धनगरवाड्यावरचे मूल, मोलमजुरी करणाऱ्या आईचे मूल, धाकट्या भावंडाला सांभाळणारी मुलगी, यांचीच पावले प्रथम थांबतील. याखेरीज घरात मालवणी बोलणारे मूल पुस्तकातल्या मराठीशी प्रथम ओळख करून घेते, ते वाडीची बोली जाणणाऱ्या शिक्षकाच्या आधाराने. त्या वयात शाळा घराजवळ असणे ही चैन नव्हे.

याच कोकणात, गुहागरजवळच्या कोतळूक येथे जन्मलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. ते फेटाळले गेले. तेव्हा मुलाला शाळेपर्यंत आणण्याची चिंता होती. आज मूल शाळेत यावयास तयार आहे. २०११ साली या जिल्ह्यातील साक्षरतेचे प्रमाण ८५ टक्क्यांहून अधिक, म्हणजे राज्याच्या सरासरीपेक्षा वरचढ होते. वाडीवाडीतल्या शाळांनी हे यश मिळविण्यास मोठा हातभार लावला, याचा विसर पडू नये.

मार्ग दोन टोकांच्या मध्ये आहे. चौथीपर्यंतचे वर्ग वाडीत राहावेत, वरचे वर्ग रस्ता पाहून एकत्र करावेत. जवळच्या पाचसहा शाळांनी कला, क्रीडा, इंग्रजी यांचे शिक्षक वाटून घ्यावेत. पुस्तकांची पेटी शाळेशाळेतून फिरावी. आठवड्यातून एक दिवस सारी मुले एकत्र जमावीत. शाळासमूहाची ही कल्पना कोठारी आयोगाने १९६६ सालीच मांडली होती आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही ती उचलून धरली. जेथे एखादी शाळा मिटविणे खरोखरच अटळ असेल, तेथे निर्णयापूर्वी अधिकाऱ्यांनी ती वाट भर पावसात, मुलाच्या पावलांनी चालून पाहावी आणि पालकांचे म्हणणे ऐकावे.

शाळा बंद करावयास एक आदेश पुरतो. बंद पडलेली शाळा पुन्हा उघडणे फार कठीण. कारण तोवर शिक्षक गेलेला असतो, छप्पर गळू लागलेले असते आणि शाळा नाही म्हणून आणखी दोन घरांनी गाव सोडलेले असते.