रमाबाईंचा अभ्यास

1873 सालच्या डिसेंबरात महादेव गोविंद रानडे यांचा दुसरा विवाह झाला, तेव्हा त्यांचे वय एकतीस वर्षांचे होते आणि वधूचे अकरा. पुनर्विवाहाचा हा पुरस्कर्ता आता एखाद्या विधवेचे पाणिग्रहण करील, या धास्तीने वडिलांनी कुर्लेकरांची ही मुलगी घाईने पसंत केली होती. सुधारकाने मान तुकवली. त्याबद्दल त्यांना बोल लागला, आणि तो अगदीच अनाठायी होता असे म्हणवत नाही.

मुलीला अक्षरओळखही नव्हती. पतीने स्वतः तिला शिकवावयास घेतले. आधी मुळाक्षरे, मग मराठी पुस्तके, पुढे इंग्रजी. अभ्यासाची वेळ मुख्यतः रात्रीची. कारण दिवसाचा वेळ सुनेचा नव्हता. चूल, वाढणे, उष्टी-खरकटी, सोवळे-ओवळे, आल्यागेल्याचे आतिथ्य हे सारे आटोपल्यावर पुस्तक हाती यावयाचे. इकडे 1878 साली लंडन विद्यापीठाने स्त्रियांना पदव्यांचे दार उघडले होते; तिकडे पुण्याच्या वाड्यात एका सुनेने इंग्रजी वर्तमानपत्राचा कपटा वाचला, तरी घरातील बायका टोमणे मारीत.

या बायकांना सरसकट दुष्ट ठरविणे मात्र अन्यायाचे होईल. त्यांच्यातील कित्येकींचा सारा अधिकार स्वयंपाकघराच्या उंबरठ्याआतच होता. शिकलेली सून तो उंबरठा ओलांडणार, हे त्यांनी अचूक ओळखले होते.

मिस हर्फर्ड नावाच्या इंग्रज बाई शिकवावयास येऊ लागल्या, तेव्हा विटाळाचा प्रश्न निघाला. धडा संपला की रमाबाईंनी स्नान करावे, मगच घरात वावरावे, असे ठरले. त्यांनी ते निमूटपणे पाळले. थंडीत रोजच्या स्नानाने अखेर ताप भरला, तेव्हा वडीलधाऱ्या बायकांनी सवलत दिली : लुगडे बदलले तरी चालेल! रमाबाईंनी ना शिक्षण सोडले, ना घर. दोन्ही सांभाळण्याची ही चिकाटी पतीच्या विद्वत्तेइतकीच मोलाची मानावी लागेल. तिची किंमत मात्र त्यांच्या एकटीच्या देहाने चुकती केली.

पुढे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यासमोर मुलींच्या हायस्कुलाच्या मागणीचे इंग्रजी निवेदन त्यांनीच वाचले. त्या दिवशीही घरी परतल्यावर शाबासकीऐवजी बोलणीच खावी लागली. 1884 साली ते हायस्कूल पुण्यात सुरू झाले. हुजूरपागा या नावाने ते आजही सर्वांस ठाऊक आहे.

रानडे 1901 साली निवर्तले. त्यानंतर रमाबाईंनी पुण्याच्या सेवासदनाचा भार उचलला. शाळेचे वय घरकामात निघून गेलेल्या प्रौढ स्त्रिया आणि विधवा तेथे पाटी घेऊन बसू लागल्या.