खासदाराच्या तीन वह्या
(शेवगाव येथे कापूस-ज्वारी उत्पादक शेतकऱ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज भावाविषयीच बोलायचे आहे. पण सुरुवात व्यापाऱ्यापासून न करता खासदारापासून करू.

गेल्या दोन निवडणुकांत आपण दोन तरुण माणसे दिल्लीला पाठवली. २०१९ साली डॉ. सुजय विखे पाटील, वय ३६, मताधिक्य २ लाख ८१ हजार ४७४. २०२४ साली हंग्याचे नीलेश लंके, वय ४४, मताधिक्य २८ हजार ९२९. राजकारणात चव्वेचाळिसावे वर्षसुद्धा तरुणपणातच मोजतात. एक मोठ्या घराण्यातले डॉक्टर, दुसरे शिक्षकाचे चिरंजीव, भाळवणीच्या कोविड सेंटरमुळे घरोघरी माहीत झालेले. २०२४ च्या प्रचारात सर्वांत गाजले काय? इंग्रजी कोणाला येते हा वाद. निवडून आल्यावर लंके यांनी शपथ इंग्रजीतून घेतली आणि गावोगाव टाळ्या पडल्या. टाळ्यांना आमची हरकत नाही. पण कपाशीच्या भावाचा प्रश्न इंग्रजीत विचारला की मराठीत, याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. विचारला का, एवढाच आपला सवाल आहे.

आम्ही शेतीशास्त्र शिकलेली माणसे. पीक बांधावरून हिरवे दिसते म्हणून चांगले म्हणत नाही, बोंड फोडून पाहतो. गुलाबी अळी बाहेरून दिसत नसते. खासदार कोणत्याही पक्षाचा असो, त्याच्या तीन वह्या असतात. त्या उघडून पाहिल्याशिवाय बरे-वाईट बोलू नये.

पहिली वही सभागृहाची

लोकसभेचा पहिला तास प्रश्नांचा असतो. दिवसाला २० प्रश्न तोंडी उत्तराचे आणि २३० लेखी उत्तराचे घेतले जातात. प्रश्न किमान १५ दिवस आधी द्यावा लागतो. कोणत्या खासदाराने काय विचारले, सरकारने काय उत्तर दिले, हे सगळे नोंदलेले असते. गावातला कॉलेजचा पोरगा मोबाइलवर पाच मिनिटांत काढून देईल.

आता कापसाचे पाहा. २०२१ च्या अर्थसंकल्पापासून आयात कापसावर ११ टक्के शुल्क लागू झाले होते. २०२२ साली ते काही महिने उठवले. २०२५ साली पुन्हा १९ ऑगस्टपासून माफ केले, आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि मग मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. आपली वेचणी कधी असते? दसरा-दिवाळीला. म्हणजे आपला कापूस घरात यायच्या वेळीच बाहेरच्या कापसाला दार उघडून दिले. त्या हंगामाचा हमीभाव मध्यम धाग्याला ७७१० आणि लांब धाग्याला ८११० रुपये होता. पण सीसीआयच्या काट्यावर ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला की माल परत. सप्टेंबरच्या पावसात भिजलेला कापूस त्यात कसा बसायचा? तो व्यापाऱ्याच्या दारात जातो. तिथे क्विंटलला ५०० रुपये कमी मिळाले, तर १२ क्विंटलवाल्याचे ६००० गेले.

आणि हे कधी घडले? शुल्कमाफी झाली तेव्हा पावसाळी अधिवेशन चालू होते; ते २१ ऑगस्टपर्यंत चालले. वाढीव मुदतीत हिवाळी अधिवेशनही होऊन गेले, १ ते १९ डिसेंबर. या दोन्ही अधिवेशनांत आपल्या खासदारांनी आणि शेजारच्या कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यांच्या खासदारांनी यावर काय विचारले, ते काढून गावच्या पारावर वाचा. विचारले असेल तर शाबासकी द्या. नसेल तर का नाही, ते समोर उभे राहून विचारा.

ज्वारीचेही तेच. २०२५-२६ साठी मालदांडीला ३७४९ रुपये हमीभाव जाहीर झाला. तो भाव देणारा काटा किती तालुक्यांत लागला? हा प्रश्न सरकारला विचारायची जागा लोकसभाच आहे.

लंके यांनी २०२४ च्या जुलैत दूध आणि कांद्याच्या भावासाठी नगरला कलेक्टर कचेरीवर आंदोलन केले. ते चांगले केले. पण आयातशुल्क कलेक्टर ठरवत नाही. रस्त्यावरचा आवाज सभागृहाच्या नोंदीत उतरला तरच त्याला सरकारकडून लेखी उत्तर मिळते.

दुसरी वही निधीची

खासदार निधीची योजना १९९३ च्या डिसेंबरात सुरू झाली. २०११-१२ पासून वर्षाला ५ कोटी, म्हणजे पाच वर्षांत २५ कोटी. आपल्या लोकसभा मतदारसंघात सहा विधानसभा मतदारसंघ. सारखे वाटले तर शेवगाव-पाथर्डी मिळून वर्षाला सुमारे ८३ लाख. काम खासदार सुचवतो, पैसे कलेक्टर कचेरीमार्फत खर्च होतात. पैसा आपलाच, म्हणून "मी दिला" ही भाषा चुकीची. त्याची यादी मागता येते, ती मागा.

पण खरी गोष्ट वेगळी आहे. आपण खासदाराकडे जातो ते सभामंडप, हायमास्ट दिवा आणि डीपी मागायला. डीपी महावितरणचा, पाटपाणी राज्याचे. खासदाराच्या अखत्यारीतले विषय म्हणजे आयात-निर्यात, हमीभाव, पीकविम्याचे नियम; ते आपण विचारतच नाही. सभामंडपाचे दहा लाख दिसतात, शुल्कमाफीत गेलेले दिसत नाहीत. आपण जे मागतो, त्यालाच तो प्राधान्य देतो.

तिसरी वही निवडणूक खर्चाची

लोकसभेच्या उमेदवाराला २०२४ साली खर्चाची मर्यादा ९५ लाख होती. आपल्या मतदारसंघात मतदार वीस लाखांच्या जवळपास. मतदारामागे पाच रुपयेसुद्धा पडत नाहीत. पाच रुपयांत शेवगावच्या स्टँडवर चहा तरी मिळतो का? निवडणुकीतल्या गाड्या, जेवणावळी, मंडप तुम्ही डोळ्यांनी पाहिलेत. हे आम्ही कोणा एका उमेदवाराविषयी बोलत नाही. ही सगळीकडची रीत आहे.

याविषयीचा मोठा खटला आपल्याच मतदारसंघातला आहे. १९९१ साली यशवंतराव गडाख आणि बाळासाहेब विखे पाटील समोरासमोर होते. प्रचारात प्रतिस्पर्ध्याबद्दल केलेल्या विधानांवरून गडाखांची निवड रद्द झाली आणि १९९३ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ती रद्दच ठेवली. त्याच निकालात न्यायालयाने खर्चाच्या मर्यादेवरही बोट ठेवले: उमेदवाराला मर्यादा आणि पक्षाला मोकळे रान, तर ती मर्यादा म्हणजे धूळफेक. पुढे कायद्यात दुरुस्त्या झाल्या, पण पक्षाच्या सर्वसाधारण प्रचाराला आजही मर्यादा नाही.

पक्षाकडे पैसा कुठून येतो? २०१८ पासून निवडणूक रोखे होते. कोणत्या कंपनीने कोणाला किती दिले, हे मतदाराला कळायची सोय नव्हती. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ते घटनाबाह्य ठरवले, तेव्हा कुठे याद्या बाहेर आल्या. ज्याने पेरणीला पैसे दिले, तो खळ्यावर हजर राहतोच. आपला कोणी खळ्यावर नसतो, कारण पेरणीच्या वेळी आपण उमेदवाराच्या गाडीत बसलेलो असतो. त्याच्या जीपमधून सभेला जाणाऱ्याला हिशोब मागायचे तोंड उरत नाही.

निकालानंतर ३० दिवसांत प्रत्येक उमेदवाराला, जिंकलेल्याला आणि हरलेल्यालाही, खर्चाचा हिशोब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. नाममात्र फी भरून तो कोणालाही पाहता येतो. अर्जासोबत मालमत्तेचे शपथपत्र असते, तेही उघड आहे.

म्हणून तीन कामे ठरवू. एक, प्रत्येक अधिवेशनाच्या महिनाभर आधी गावागावातून तीन प्रश्न लिहून, सह्या करून खासदाराला स्पीड पोस्टाने पाठवायचे आणि पोचपावती जपून ठेवायची. दोन, अधिवेशन संपल्यावर नोंदी काढून ग्रामसभेत वाचायच्या. तीन, पुढच्या निवडणुकीत उमेदवाराची गाडी आणि जेवण घ्यायचे नाही. घरटी दहा रुपये वर्गणी काढून त्याला आपल्या सभेला बोलवायचे आणि तिथे त्याने बोलायच्या आधी आपण विचारायचे.

कोणाला निवडा, कोणाला पाडा, हे सांगायला आम्ही आलेलो नाही. आयात कापसावरचे शुल्क, काट्यावरचा ओलावा आणि ज्वारीची खरेदी, हे पहिले तीन प्रश्न तयार आहेत. बाहेर टेबलावर कागद ठेवला आहे. सही केल्याशिवाय घरी जाऊ नका.