दर्या, दऱ्या आणि घरचं टेबल

२०२० च्या टाळेबंदीत कचेरी आणि शाळा दोन्ही घरात आल्या आणि पेण-रोह्यासारख्या गावांतही संगणकाला घरात जागा द्यावी लागली. बहुतेक घरांत ती जागा म्हणजे जेवणाच्या टेबलाचा कोपरा, नाहीतर पलंगावरची उशी. काम निघतं, पण महिनाभरात मान आखडते, पाठ बोलू लागते. म्हणून ही जागा नीट कशी मांडावी, याविषयी आज थोडं बोलू या.

मांडणीचा धडा घ्यायला दूर जायला नको. पेणच्या गणपती कारखान्यात डोळ्यांची आखणी करणारा कारागीर पाहा. मूर्ती नजरेसमोर, रंगाच्या वाट्या हाताशी. आमच्या घरांत कुराण रेहलवर ठेवून वाचतात. रेहल म्हणजे घडीची लाकडी घोडी. तिच्यामुळे ग्रंथाचा मान राहतो आणि वाचणाऱ्याची मानही फार वाकत नाही. लॅपटॉपलाही असंच उचलून धरावं. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली, अंतर हातभर. पडद्याबरोबर कळफलकही वर गेला तर खांदे चढतात, म्हणून कळफलक वेगळा घ्यावा. कोपर काटकोनात आणि पाय जमिनीवर असावेत. पाय टेकत नसतील तर खाली पाट ठेवावा. खिडकी बाजूला असावी. समोर असली तर डोळे दिपतात, पाठीशी असली तर पडद्यावर तीच दिसते.

दुसरी गोष्ट पावसाची. रायगडात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. भुशाच्या फळीचं टेबल ओल धरून फुगतं. त्यापेक्षा घरातली जुनी सागवानी फळी सुताराकडून घडवून घ्यावी. टेबल भिंतीपासून चार बोटं पुढे असावं, म्हणजे हवा खेळते. कुंडलिकेच्या काठच्या मंडळींना २६ जुलै २००५ चा पाऊस आठवत असेल. यंत्र आणि विजेचा बोर्ड जमिनीवर नकोतच. विजा कडाडू लागण्याआधी प्लग काढून ठेवावा.

पण जागा आपली होते ती भाषेनं. कळफलकावर इंग्रजी अक्षरं छापलेली असतात, म्हणून मुलं आईला निरोपही रोमन लिपीत धाडतात. मराठीचा कळफलक त्याच यंत्रात असतो, फक्त सुरू करावा लागतो. इनस्क्रिप्ट ही मांडणी १९९१ च्या भारतीय मानकात आली. डाव्या हाताला स्वर आणि काना-मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. क च्याच कळीवर शिफ्ट धरून ख, ग च्या कळीवर घ. कळांवर अक्षरांच्या चिकटपट्ट्या लावाव्यात आणि रोज अर्धा तास द्यावा. बोटं आपोआप बसतात.

एक अक्षर मुद्दाम सांगतो. आपला मुलूख दर्या आणि दऱ्या यांच्यामधला. ‘दर्या’त रफार आहे, त्याच्या मात्रा चार. ‘दऱ्या’च्या तीनच. गझल लिहिणाऱ्याचं वृत्त एवढ्यानं मोडतं आणि वाचणाऱ्याला समुद्राच्या जागी डोंगर दिसतो. शिफ्ट धरून र ची कळ दाबली, मग हलन्त आणि य, की ‘ऱ्य’ उमटतो. आपल्या भाषेची ही सोय यंत्रात आहे. ती वापरायला हवी.

पूर्वी फाँटांची कूटं वेगवेगळी असत. एका यंत्रावरची कविता दुसऱ्यावर उघडली की चिन्हांची खिचडी दिसे. युनिकोडमुळे तो त्रास गेला. जुन्या फाइली मात्र आजच युनिकोडात आणून ठेवाव्यात, कारण ते फाँट पुढं मिळतीलच असं नाही.

शेवटी, टेबल कोणाचं? घरातल्या प्रत्येकाचं वेगळं खातं उघडावं. त्यात ज्याची त्याची भाषा आणि डोळ्यांना झेपेल एवढं मोठं अक्षर ठेवावं. घरातल्या बायकांची वेळही ठरलेली असावी. आमच्या कोकणी मुसलमान घरांतली लग्नाची गाणी पुष्कळशी तोंडीच राहिली. ती पाठ असलेल्या आजी आता थकल्या आहेत. तुमच्याकडच्या जात्यावरच्या ओव्यांचंही तेच. नातीनं टेबलाशी बसावं, आजीनं शेजारी खुर्ची घ्यावी आणि एकेक ओळ देवनागरीत उतरवावी. टेबल मांडून झालं की पहिलं काम हेच करा.